कॅमेऱ्यापुढील माणूस



छायाचित्र म्हणजे यंत्राचें काम. त्यांत कलावंताच्या निवडीला कितीसा वाव असणार, असें पुष्कळांना वाटतें. समोर असेल तें यंत्र टिपतें हें खरें. परंतु समोर काय असावें, तें कोणत्या उजेडांत असावें आणि टिपलेल्यांतून काय ठेवावें व काय पुसावें, हें यंत्र ठरवीत नाहीं. व्यक्तिचित्र असो वा नग्नचित्र असो, त्याची प्रतिष्ठा दोन निवडींवर उभी असते: एक बैठकीची आणि दुसरी मागाहून केलेल्या संस्काराची. या दोन्ही निवडी एका जिवंत माणसाविषयीं केलेल्या असतात, याचा आपण आज थोडा विचार करूं.

प्रथम बैठक पाहूं. ३० डिसेंबर १९४१ रोजीं विन्स्टन चर्चिल यांचें ओटावा येथें कॅनडाच्या पार्लमेंटपुढें भाषण झालें. भाषणानंतर सभापतींच्या दालनांत यूसुफ कार्श हे तरुण छायाचित्रकार दिवे मांडून सज्ज होते. चर्चिल यांना याची कल्पना नव्हती. त्यांनीं नाखुषीनें होकार दिला, पण तोंडांतला चिरूट कांहीं काढला नाहीं. कार्श पुढें झाले, क्षमा मागितली आणि चिरूट काढून घेतला! त्या क्षणीं टिपलेली करडी मुद्रा पुढें युद्धकाळांतील ब्रिटनच्या निर्धाराचें प्रतीक म्हणून जगभर गाजली. लागलीच कार्श यांनीं दुसरें चित्र घेतलें. त्यांत चर्चिल हंसत आहेत. दोन्ही चित्रें सारखींच खरीं, परंतु जगानें स्मरणांत ठेवलें तें एकच. चिरुटाचा राग राष्ट्राचा निर्धार ठरला! यावरून लक्षांत येईल कीं, हनुवटी वर आणि खांदे सरळ एवढ्यानें बैठक सिद्ध होत नाहीं. बसणारा आणि टिपणारा यांच्यामध्यें त्या घटकेला जें घडतें, त्याचें नांव बैठक. आणि अनेक चित्रांतून एक उचलणें हाहि संस्कारच होय.

आतां हात फिरविण्याच्या संस्काराकडे वळूं. जुन्या कांचा निळ्या प्रकाशाला तत्काळ वश होत, पण तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळें त्वचेवरील तांबूस डाग व ठिपके छापील प्रतींत प्रत्यक्षाहून काळे उमटत. यावर उपाय म्हणून कारागीर निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीनें बारीक बारीक ठिपके देई. कारण निगेटिव्हवर जें काळें होतें तें प्रतींत उजळ दिसतें. आरंभीं ही यंत्राच्या उणिवेची दुरुस्ती होती. पुढें मात्र पेन्सिल सुरकुत्यांवरूनहि फिरूं लागली आणि साठीच्या गृहस्थाला पस्तिशीचा चेहरा मिळूं लागला. आपल्या दिवाणखान्यांत आजोबांची एखादी जुनी तसबीर असेल तर ती निरखून पाहा. कपाळ कागदासारखें गुळगुळीत दिसलें, तर तें बहुधा कारागिराचें कपाळ समजावें. आज पेन्सिलीची जागा संगणकानें घेतली आहे. मोह मात्र तोच राहिला आहे.

अमेरिकेंतील एडवर्ड वेस्टन (१८८६-१९५८) यांची उपजीविका बराच काळ अशा व्यक्तिचित्रांवर चाले. गिऱ्हाइकाला गोड दिसावयाचें असे आणि वेस्टन यांना तें पेन्सिलकाम नकोसें होई. अखेर १९३४ च्या सुमारास त्यांनीं हात न फिरविलेलींच व्यक्तिचित्रें देण्याचा निश्चय केला. त्यांचें १९३६ सालचें एक नग्नचित्र प्रसिद्ध आहे. कॅरिस विल्सन दाराशीं बसल्या आहेत. गुडघा उभा, हात पायांभोंवतीं, मान खालीं. चेहरा दिसतच नाहीं. दिसतो तो केसांतील भांग. लज्जा किंवा लालसा मनांत येण्यापूर्वींच हात, गुडघा आणि मस्तक यांच्या गोलाईंनीं साधलेला एक संथ आकार डोळ्यांत भरतो. या चित्रांत वेस्टन यांना खटके ती उजव्या हातावरची सावली. विल्सनबाईंना खटके तो आपला वांकडा भांग आणि केसांतल्या पिना. सावलीहि राहिली आणि पिनाहि राहिल्या. त्या पिनांमुळेंच ती आकृति संगमरवरी पुतळी न होतां, कोणा एका स्त्रीची राहिली आहे.

तथापि चेहरा झांकला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असें समजूं नये. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनीं चित्रकर्त्री जॉर्जिया ओकीफ यांचीं १९१७ ते १९३७ या वीस वर्षांत ३०० हून अधिक छायाचित्रें घेतलीं. एक माणूस एका चित्रांत मावत नाहीं, ही त्यांची धारणा. म्हणून कधीं नुसते हात, कधीं मान, कधीं विवस्त्र धड. कलादृष्ट्या ही कल्पना थोरच. १९२१ सालीं यांपैकीं ४० हून अधिक चित्रें न्यूयॉर्क येथें प्रदर्शनांत मांडलीं गेलीं आणि त्यांचा मोठा गाजावाजा झाला. परिणाम असा झाला कीं, पुढें बाईंनीं रंगविलेल्या फुलांतहि टीकाकार स्त्रीदेहच शोधूं लागले, आणि बाईंना त्याचा मनस्वी तिटकारा वाटे. चित्र स्टीग्लिट्झ यांचें. पण त्याचें ओझें वाहिलें तें ओकीफ यांनीं.

श्रोतेहो, एखादें नग्नचित्र सभ्य आहे कीं असभ्य, हा प्रश्न केवळ वस्त्रावरून सुटत नाहीं. अंगभर शालू नेसलेल्या स्त्रीचेंहि असभ्य चित्र काढतां येतें. कॅमेऱ्यापुढें बसलेला माणूस त्या चित्रांत माणूस म्हणून उरला आहे काय, हें पाहावें. त्याची संमति बैठकीपुरती घेऊन भागत नाहीं. हात फिरवितांना, निवड करतांना आणि चित्र चारचौघांत मांडतांनाहि ती घ्यावी लागते. सुरकुती पुसण्यापूर्वीं, ती ज्याची आहे त्याला एकदां विचारावें. कदाचित् ती त्याला हवी असेल.