लग्नघराचा छायाचित्रकार आणि त्याची जाहिरात

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सावदा येथे केलेले भाषण)



आपल्या समाजातील काही तरुण केळीच्या बागा सांभाळून लग्नसमारंभाच्या छायाचित्रणाचा व्यवसाय करू लागले आहेत, तर काहींनी तोच चरितार्थाचा आधार मानला आहे. या व्यवसायाला नवे ग्राहक कसे मिळवावेत, त्याची जाहिरात कशी करावी, याविषयी चार शब्द बोलावेत असे कार्यवाहांनी मला सुचविले. विषय वरवर व्यापाराचा दिसतो. परंतु ज्या घरी लग्नाजोगी मुलगी वा मुलगा आहे, त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची कृती जगापुढे आली आणि पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत या कलेची सोसायटी स्थापन झाली. पुढे तालुक्यातालुक्यांत स्टुडिओ निघाले. दर्शनी काचेच्या कपाटात नवपरिणीत जोडप्यांच्या तसबिरी मांडलेल्या असत. तीच छायाचित्रकाराची जाहिरात. आज ते कपाट मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. काचेच्या कपाटापुढून पेठेतील माणसे जात आणि कोणी हरकत घेतली तर तसबीर काढून ठेवता येई. पडद्यापुढून सारे जग जाते आणि एकदा बाहेर पडलेले चित्र परत बोलावता येत नाही.

म्हणून व्यवसाय करणाऱ्या तरुणांना माझे पहिले सांगणे असे, की ज्या चित्राने तुम्ही आपली जाहिरात करता, ते कोणाच्या तरी लेकीचे चित्र आहे हे विसरू नका. कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या सतराव्या कलमानुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो, काढणारा नव्हे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तेव्हा परवानगी घ्यावी, ती लेखी घ्यावी आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत न घेता वेगळ्या कागदावर घ्यावी. केवळ वधूपित्याची संमती पुरेशी मानू नये. जिचा चेहरा आहे त्या मुलीला स्वतंत्रपणे विचारावे. ती नाही म्हणाली तर कामात वा दरात तसूभरही फरक पडता कामा नये. अशा छायाचित्रकाराचे नाव मुलींच्या आयाच एकमेकींना सांगतील.

दुसरी गोष्ट सचोटीची. आपल्याच जिल्ह्यातील चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांचे नाव आपण ऐकले असेल. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांतून खऱ्याखुऱ्या देखाव्याचा भास उभा करणारी त्यांची छायाचित्रे नावाजली गेली. तेथे भास हीच कला होती. पण भाडोत्री मुलामुलींना मुंडावळ्या बांधून काढलेली चित्रे ‘आम्ही केलेली लग्ने’ म्हणून दाखविणे, अथवा दुसऱ्याच्या कामावर आपले नाव घालणे, ही कला नव्हे, ती लबाडी होय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची दखल घेतलीच आहे. परंतु कायद्याच्या आधी गावातली अब्रू जाते.

मग दाखवावे काय? दहा लग्नांतील निवडक दहा चित्रे दाखविण्यापेक्षा, संमती घेऊन, एका लग्नाचे हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे काम दाखवावे. वैशाखातील भर दुपारच्या उन्हात चेहरे काळवंडतात, अंतरपाट दूर होण्याचा क्षण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जातो, रात्री मांडवातील रंगीत दिवे हळदीचा रंग बिघडवितात. अशा अडचणींतून हा मनुष्य काम कसे निभावतो, हे ग्राहकाला तेथेच कळते. शिवाय जाहिरातीत स्पष्ट लिहावे: स्वतः येणार की दुसऱ्यास पाठविणार, किती दिवसांत आल्बम देणार, विसार किती, दरात काय येते आणि काय येत नाही, मूळ चित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जपणार की नाही. लग्न पुन्हा लागत नाही. हरवलेले चित्र पुन्हा काढता येत नाही.

जाहिरातीला काळवेळही असते. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात; म्हणून चातुर्मासातील निवांत दिवसांत, घरोघरी बोलणी चालू असतानाच, आपले नाव लोकांपुढे यावे. मंडपवाले, आचारी, बँडवाले यांच्याशी स्नेह जरूर असावा. परंतु ग्राहक आणून दिल्याबद्दल गुपचूप दलाली देऊ नये. ती अखेरीस वधूपित्याच्याच खिशातून जाते.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. ‘ड्रोन नाही, लग्नाआधीचे चित्रीकरण नाही, मग ते लग्न कसले?’ अशा थाटाच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. त्या छायाचित्र विकत नाहीत. त्या माणसाची लाज विकतात. केळीचा भाव आज चढतो, उद्या कोसळतो. एका वादळात उभी बाग आडवी होते. अशा शेतकऱ्याला चार पाहुण्यांत कमीपणा वाटायला लावून मोठे काम पदरात पाडून घेणे हे आपल्या मुलांना शोभत नाही. वरण-बट्टीच्या पंगतीत वाढताना घामेजलेला काका, मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसणारी आजी, यांची चित्रे साध्या कॅमेऱ्यानेही निघतात आणि वीस वर्षांनी घरातील माणसे तीच उघडून पाहतात. लहान ऐपतीच्या घरासाठी लहान दराचे, पण तितक्याच निगुतीचे काम ज्याच्या जाहिरातीत असेल, त्याला ग्राहकांची वाण पडणार नाही.

आता दोन शब्द आपणा कुटुंबप्रमुखांस. ‘आपलाच मुलगा आहे’ म्हणून ठरलेल्या दरात मागाहून घासाघीस करू नका आणि उरलेली रक्कम सहा-सहा महिने अडकवून ठेवू नका. त्याचप्रमाणे, समाजाचा म्हणून त्याची दिरंगाईही सोसू नका. नाते ओळखीपुरते असावे. काम गुणावर मिळावे आणि दाम वेळेवर मिळावे.

तरुण मित्रहो, तुमचे पुढचे ग्राहक आज तुम्ही ज्या मांडवात उभे आहात तेथेच बसलेले असतात. तुम्ही वडीलधाऱ्यांशी कसे बोलता, मुलींच्या घोळक्यात कॅमेरा कोणत्या मर्यादेने वळविता, मुहूर्ताच्या वेळी गुरुजींच्या आड येता की नाही, हे सारे ते पाहत असतात. छापील जाहिरात तुमचे नाव घरापर्यंत पोहोचवील. घरात प्रवेश मात्र तुमची वागणूकच मिळवून देईल.