पात्यांशिवाय फिरणारं टर्बाइन, घरच्या भंगारातून
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावर जो स्टीलचा डबा दिसतोय त्यात चिवडा नाही, हे आधीच सांगतो. त्यात जुन्या सीडी आहेत. कुणाच्या घरातल्या भक्तिगीतांच्या, कुणाच्या लग्नाच्या, दोन तर अँटीव्हायरसच्या. बी विंगच्या मुलामुलींनी मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचं टर्बाइन केलं. मी फक्त खुर्ची टाकून बसायचो आणि नको तिथे बोलायचो.

माझी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात, टर्बाइनच्या देखभालीत गेली. तिथल्या टर्बाइनला पाती असतात, शेकड्यांनी. मोठ्या यंत्रात शेवटच्या टप्प्याची पाती जवळजवळ मीटरभर लांब असतात, आणि ती मिनिटाला ३००० फेरे घेतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. वाफ पात्यांवर आदळते, वळते, पातं पुढे सरकतं. हा प्रकार चार्ल्स पार्सन्सने १८८४ साली चालवून दाखवला आणि तोच आजवर चालू आहे.

निकोला टेस्ला यांनी वेगळाच विचार केला. ज्यांच्या एसी मोटरच्या तत्त्वावर तुमच्या घरातला पंखा फिरतो, तेच हे टेस्ला. त्यांनी पाती काढूनच टाकली. नुसत्या गुळगुळीत सपाट चकत्या, एका दांड्यावर, मध्ये अगदी थोडी फट ठेवून. १९१३ साली त्यांना याचं अमेरिकन पेटंट मिळालं.

आता गुळगुळीत चकतीला वाफ किंवा हवा ढकलणार कशी? दिवाळीच्या साफसफाईत पंख्याची पाती पुसलीत ना? वर्षभर गरगर फिरणाऱ्या पात्यावर धूळ बसतेच कशी, असा प्रश्न कधी पडला का? पात्याला अगदी खेटून असलेला हवेचा थर पात्याबरोबरच फिरतो. तो धुळीला उडवत नाही. त्याच्या वरचा थर त्याला ओढतो, त्याच्या वरचा त्याला. हवासुद्धा थोडी चिकट असते. काकवी जास्त, पाणी कमी, हवा त्याहून कमी, पण असतेच. टेस्लांनी हीच चिकटाई कामाला लावली. हवा चकत्यांच्या काठावरून तिरकी आत सोडायची. ती फटीतून गोल गोल फिरत मध्याकडे येते, येताना चकत्यांना सोबत ओढते, आणि मधल्या भोकांतून बाहेर पडते. फट फार मोठी झाली की मधली हवा चकतीला न शिवताच निघून जाते. सगळी मेख या फटीत आहे.

आमच्या यंत्रात ही फट कशी साधली ते ऐका, मला तो भाग फार आवडला. मुदत संपलेली एटीएम कार्डं! कार्डाची जाडी ठरलेली असते, ०.७६ मिलिमीटर. त्याच्या छोट्या चकत्या कापल्या, मधे ८ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि दर दोन सीडींमध्ये एकेक घातली. (कार्डावरचा नंबर आणि चिप आधी कापून टाका, ही सूचना आपल्या खजिनदारांची.) सीडीचा व्यास १२० मिलिमीटर, मधलं भोक १५ चं. त्या भोकाभोवती जो पारदर्शक पट्टा असतो त्यात हवा बाहेर जायला भोकं पाडली. सीडीवर ड्रिल दाबून चालवलं की तडा जातो. हळू चालवायचं, खाली लाकूड ठेवायचं. ज्या सीडीला केसाएवढा तडा दिसला ती बाद. दांडा म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला ८ एमएमचा आटेवाला रॉड. बेअरिंग मोडक्या स्केट्सच्या चाकांतली, त्यांचं भोक नेमकं ८ चं असतं. डबा निवडताना घरोघरी सीडी घेऊन फिरलो, भोवताली दोन-तीन मिलिमीटर जागा उरेल असा डबा हवा होता. शेवटी मिळाला, त्या ताईंनी तो परत मागितलेला नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तोल साधण्यात. दांडा दोन सपाट पट्ट्यांवर आडवा ठेवायचा. जड बाजू आपोआप खाली येते. मग वरच्या, हलक्या बाजूला सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा बघायचं. कुठेही सोडलं तरी जागच्या जागी राहिलं की झालं. दोन संध्याकाळी यात गेल्या. मोठ्या केंद्रातही हेच करतात, फक्त तिथे सेलोटेप नसते.

आता थोडं कडक बोलतो. पालकांनी लक्ष द्यावं.

हवा आम्ही व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या तोंडातून घेतली, ती मुद्दाम. ‘आजोबा, प्रेशर कुकर लावू या’ असं मुलांनी किमान दहा वेळा सांगितलं. मी दहाही वेळा नाही म्हटलं. शिटीच्या दाबाला कुकरमधली वाफ साधारण १२० अंशांची असते. नळी, सांधा, क्लिप यांतलं काही निसटलं तर चेहरा भाजतो. आणि वाफेच्या वाटेत तुम्ही काहीही जोडलंत तर कुकरची सुटकेची वाटच अडवता. हे घरी कुणीही करायचं नाही. दुसरं, सीडी मिनिटाला १०,००० फेरे फिरली तर तिचा काठ ताशी सव्वादोनशे किलोमीटरने धावतो. जुन्या वेगवान सीडी ड्राइव्हमध्ये तडा गेलेल्या सीडी फुटून चुरा झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून डबा स्टीलचा, झाकण लावलेलं, आणि काँप्रेसर बिलकूल नाही.

आता सर्वसाधारण सभेतला तो विषय. कुणीतरी सुचवलं की गच्चीच्या पावसाच्या पाइपांना अशी टर्बाइन लावून जिन्यातले दिवे फुकट चालवू, त्यासाठी निधी काढू. कल्पना ऐकायला गोड आहे, म्हणून हिशेब करून आणलाय. आपली गच्ची ४०० चौरस मीटर. पावसाळ्यात २५०० मिलिमीटर पाऊस धरा. म्हणजे १००० टन पाणी. ते सात मजले, २१ मीटर खाली येतं. त्यातली एकूणएक ऊर्जा पकडली तर ५७ युनिट होतात. संपूर्ण पावसाळ्यात! हाती बनवलेल्या यंत्राने पाचवा हिस्सा पकडला तरी पुष्कळ. म्हणजे ११ युनिट, एका फ्लॅटचे जेमतेम तीन-चार दिवस. टाकीच्या पाण्यावर चालवू म्हणाल, तर ते पाणी वर आपल्याच पंपाने, आपल्याच बिलावर चढवलेलं आहे. तेव्हा निधी काढायचाच असेल तर ते पाणी बोअरवेलच्या पुनर्भरणाला वळवा. माझं मत त्या बाजूला नोंदवून घ्यावं.

मग हे टर्बाइन कशाला, असं एका काकूंनी विचारलं. टेस्लांनाही लोकांनी विचारलंच असेल. त्यांच्या पातळ चकत्या प्रचंड वेगात वाकायच्या, आणि तोपर्यंत पात्यांची टर्बाइन वीज केंद्रांत स्थिरावली होती. पण तेच यंत्र उलटं, मोटरने फिरवलं की पंप होतो, आणि असे चकत्यांचे पंप गाळमिश्रित द्रव उपसायला आजही बनतात. आमच्या यंत्राने जुन्या प्रिंटरची मोटर फिरते आणि लाल एलईडी लागतो. बस, एवढंच. त्या मुलांनी मात्र ०.७६ मिलिमीटरला महत्त्व असतं हे हाताने शिकून घेतलं.

कमिटीकडे एकच मागणं आहे. जिन्याखालची मीटर रूमशेजारची खोली रिकामी आहे. तिथे एक कपाट आणि एक टेबल ठेवू द्या. मोडका मिक्सर, प्रिंटर, पंखा भंगारवाल्याला देण्याआधी आठवडाभर तिथे ठेवावा. मुलं हवं ते काढून घेतील, उरलेलं भंगारवाला नेईल. विजेचं काम कुणी मोठं माणूस असल्याशिवाय होणार नाही, त्याची जबाबदारी माझी. रंगकामाचं सामान तिथे ठेवायचं ठरलंय असं ऐकतो. ते गच्चीच्या खोलीतही मावेल.

चला, आता चालवून दाखवतो. पहिल्या रांगेतली मुलं दोरीच्या मागे सरका. सचिवसाहेब, तेवढा व्हॅक्यूम क्लीनरचा प्लग लावा.