दरडोई उत्पन्न : भारत आणि चीन
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अर्थशास्त्राचा व्यासंग मजपाशी नाही. आयुष्यभर मुलांना त्रैराशिक व सरासरी शिकविली, त्या शिदोरीवरच आज चार शब्द बोलणार आहे. राष्ट्राच्या एका वर्षाच्या उत्पन्नास लोकसंख्येने भागले की जी सरासरी येते, तिलाच दरडोई उत्पन्न म्हणतात.

आपल्याकडे हा भागाकार प्रथम दादाभाई नौरोजींनी मांडला. १८६७-६८ च्या सुमारास हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये भरते, असा त्यांचा हिशेब होता. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रास याहून अधिक खर्च येतो, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे १९४९ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रा. महालनोबिस तिचे अध्यक्ष होते आणि सदस्यांत आपले धनंजयराव गाडगीळ होते.

आता चीनकडे पाहू. जागतिक बँकेच्या आकड्यांप्रमाणे १९९० साली भारताचे दरडोई उत्पन्न सुमारे ३७० डॉलर, तर चीनचे सुमारे ३२० डॉलर होते. म्हणजे आपण किंचित पुढेच होतो. २०२३ साली चीन साडेबारा हजारांच्या घरात आणि आपण अडीच हजारांच्या आसपास! दोन्ही देशांतील स्वस्ताई-महागाई जमेस धरली, तर पाचपटीचे हे अंतर सुमारे अडीच पटींवर येते. पण अंतर राहतेच.

असे का व्हावे? चीनने १९७८ पासून शेतकऱ्याला पिकाची मोकळीक दिली, खेड्यापाड्यांत कारखाने निघू दिले. आपली नवी आर्थिक नीती १९९१ साली आली. परंतु मला शिक्षक म्हणून दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. १९९० च्या सुमारास चीनमधील शंभर प्रौढांपैकी सुमारे ७८ साक्षर होते. आपल्या १९९१ च्या जनगणनेत सात वर्षांवरील शंभरांपैकी ५२ साक्षर आढळले. स्त्रियांत तर अवघ्या ३९. कारखान्याचे दार उघडले तेव्हा त्यांच्या मुली आत जाण्यास सिद्ध होत्या, आपल्या नव्हत्या. चीनच्या राजवटीचे गुणगान मला करावयाचे नाही. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात तेथे कोट्यवधी माणसे दगावली, हे विसरता येत नाही. परंतु चांगला धडा कोणाकडूनही घ्यावा.

हा धडा आपल्या यवतमाळ जिल्ह्यास फार लागू आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी रेल्वे बांधली, ती मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठी. शकुंतला आता थांबली. कापसाचे बाहेर जाणे मात्र थांबले नाही. २०१० नंतर काही वर्षे भारताच्या कच्च्या कापसाचा सर्वांत मोठा ग्राहक चीनच होता. रुई विकणाऱ्याला रुईचा भाव मिळतो. सूत, कापड आणि शिलाई यांची मजुरी ज्याच्या हाती कसब असते त्याच्या घरी जाते.

आणखी एक गोष्ट. सरासरी ही फसवी असते. एकाच्या घरी दहा भाकरी व नऊ घरी चूल थंड, तरी सरासरी दरडोई एक भाकरी! देशाचे उत्पन्न वाढत असतानाच २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर करावी लागली, कारण शेतकरी आत्महत्या करीत होते. त्या सहांत आपला जिल्हा होता.

म्हणून बंधुभगिनींनो, देशाची सरासरी वाढविणे आपल्या हाती नसले तरी आपल्या घरचा अंक वाढविणे आपल्या हाती आहे. मुलीची शाळा सातवी-आठवीत सोडवू नका. मुलाला पदवीबरोबर हाताचे एखादे कसब द्या. लग्नातील मानपानाचा पैसा वाचवून शिष्यवृत्ती निधीत घाला. भागाकाराचे उत्तर वाढवावयाचे तर वरचा अंक वाढावा लागतो, आणि तो शिकलेल्या हातांनीच वाढतो.