जुने दस्त, जुनी मृत्युपत्रे आणि आपले घराणे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या शहरात दोन मराठी माणसे प्रथमच भेटली, की नाव विचारून होताच दुसरा प्रश्न येतो, "आपण मूळचे कुठले?" नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने गेल्या दोन-तीन पिढ्यांत येथे आलेली मंडळी आपापल्या जिल्ह्याचे वा तालुक्याचे नाव सांगून मोकळी होतात. तंजावर, कुंभकोणम या भागांतील जुनी घराणी मात्र बहुधा एकच उत्तर देतात, "आम्ही व्यंकोजी महाराजांबरोबर आलो." व्यंकोजीराजांनी तंजावर हस्तगत केले ते 1675–76 च्या सुमारास. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ तेथे भोसल्यांची गादी होती, आणि त्या काळात कारकून, शास्त्री, हरिदास, शिलेदार, शिंपी, व्यापारी असे नाना तऱ्हेचे लोक महाराष्ट्रातून या मुलखात येतच राहिले. सर्वच काही पहिल्या राजाच्या घोड्यामागून आले नसावेत. मग आपले घराणे नेमके केव्हा आले, येथे येऊन त्याने काय केले, कोणाला सांभाळले आणि कोणाला वगळले, हे कळावे कसे? आजच्या भाषणात आम्ही त्याचे एक साधन आपणांपुढे ठेवणार आहोत. ते साधन म्हणजे जुनी मृत्युपत्रे, खरेदीखते, वाटणीपत्रे आणि दत्तकपत्रे.

घराण्याचा इतिहास म्हटला की आपण वंशावळ काढून बसतो. तंजावरास बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर कोरलेला मोठा मराठी शिलालेख आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो 1803 साली कोरवून घेतला. भोसले घराण्याची साद्यंत हकीकत त्यात आहे. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सरफोजीराजे दत्तक पुत्र होते. 1787 साली तुळजाराजे वारल्यावर ते दत्तविधान अशास्त्रीय ठरवून अमरसिंहांस गादी देण्यात आली, आणि दत्तकाचा हक्क मान्य होऊन सरफोजीराजे सिंहासनावर बसावयास 1798 साल उजाडले. ज्याच्या वारशाविषयी अकरा वर्षे वाद चालला, त्याने राज्यारोहणानंतर पाच वर्षांनी आपली वंशपरंपरा दगडावर कोरवून घेतली, हे समजून घेतले म्हणजे त्या लेखाचे मोल कमी होत नाही. परंतु वंशावळ ही कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने लिहिलेली असते, हे मनावर ठसते.

आता याच घराण्याचे दुसरे कागद पाहा. सरफोजीराजांचे पुत्र शिवाजीराजे 1855 च्या ऑक्टोबरात पुत्राविना वारले. कंपनी सरकारने राज्य खालसा केलेच, पण राजाची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई यांनी त्याविरुद्ध मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने 1859 साली तो फिरविला. सरकारचे हे कृत्य राज्यसत्तेच्या अधिकारातील आहे, न्यायालयास त्यात हात घालता येत नाही, असे ठरले. तरीही 1862 साली मद्रास सरकारने ती खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली. मग राण्यांचा आपसांत वाद झाला आणि तो नव्या उच्च न्यायालयात 1868 साली गेला. पुढे 1912 साली अखेरची राणी निवर्तल्यावर वारसांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तलवारीशी लग्न लावून वाड्यात आणलेल्या स्त्रियांचे स्थान काय, त्यांच्या संततीस वाटा कोणता, या मुलखातील भोसल्यांचा वर्ण कोणता मानावा, अशा प्रश्नांचा 1924 सालापर्यंत मद्रासच्या उच्च न्यायालयात खल झाला.

शिलालेखात पुरुषांची मालिका आहे. खटल्याच्या कागदांत राण्यांची नावे आहेत, त्यांचे हेवेदावे आहेत, आणि ज्यांना वंशावळीत जागा मिळाली नसती अशा स्त्रिया व त्यांची मुलेही आहेत. राजघराण्याचे जे झाले, तेच आपल्यासारख्या सामान्य घराण्यांचेही लहान प्रमाणात झालेले असते. वंशावळ मानासाठी लिहितात. दस्त देण्याघेण्यासाठी लिहितात. दस्त लिहिताना समोर दुसरा पक्ष असतो, साक्षीदार असतात, पैशाचा प्रश्न असतो. म्हणून पूर्वजांनी सांगावयाचे टाळलेले पुष्कळसे त्यात नकळत सांगितले जाते.

मृत्युपत्राचेच पाहा. मिताक्षरा शास्त्राप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीतील आपला हिस्सा मृत्युपत्राने कोणास देता येत नसे. तेव्हा एकोणिसाव्या शतकातले एखादे मृत्युपत्र हाती आले, तर बहुधा दोहोंपैकी एक अनुमान करावे. एक तर कर्त्याजवळ स्वकष्टार्जित धन होते, म्हणजे घरात कोणी वकील, मुन्सफ, सरकारी नोकर वा व्यापारी निपजला होता. नाहीतर भाऊबंद विभक्त झालेले होते आणि त्याला पुत्र नव्हता. पहिल्या प्रकारचे लोक आपल्यात थोडे नव्हते. कुंभकोणमास जन्मलेले राजा सर टी. माधवराव हे मद्रासेत शिकून त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्या पिढीने विद्येच्या बळावर जी मिळकत केली, तिची व्यवस्था लावण्यासाठी मृत्युपत्राची गरज पडू लागली.

मृत्युपत्रे शोधताना कायद्याची वर्षे ठाऊक असावीत. हिंदूंच्या मृत्युपत्रांविषयीच्या 1870 च्या कायद्याने मद्रास शहरात मृत्युपत्र लेखी व साक्षांकित असणे आवश्यक झाले, आणि त्याच्या आधारे हक्क सांगण्यास न्यायालयाचे प्रोबेट लागू लागले. म्हणून मैलापूर वा ट्रिप्लिकेन येथील पूर्वजाचे मृत्युपत्र उच्च न्यायालयाच्या दप्तरात असण्याचा संभव अधिक. तंजावर, कुंभकोणम यांसारख्या बाहेरगावी लेखी मृत्युपत्राची सक्ती 1927 पासून झाली. त्यापूर्वी तोंडी सांगितलेली अखेरची इच्छाही चाले. त्यामुळे तेथील पूर्वजाचे मृत्युपत्र सापडले नाही, तर त्याने काही व्यवस्था केली नव्हती असे म्हणता येत नाही. पुढच्या पिढीच्या वाटणीपत्रात "वडिलांनी अंतकाळी सांगितल्याप्रमाणे" अशा आशयाच्या शब्दांत ती उतरलेली असू शकते.

दत्तकाचे कागद आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या शास्त्रार्थाप्रमाणे विधवेस पतीची आज्ञा नसतानाही दत्तक घेता येत असे. द्राविड देशात तिला पतीची अनुज्ञा किंवा सपिंडांची संमती लागे. मग महाराष्ट्रातून इकडे आलेल्या घराण्यास कोणता नियम? स्थलांतर केलेले कुटुंब आपले मूळचे शास्त्र बरोबर घेऊन जाते, आणि ते सोडल्याचे कोणी म्हणेल तर ते त्याने सिद्ध करावे, असे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले आहे. असा वाद उभा राहिला म्हणजे घराणे कोठून आले, घरात उपाध्याय कोण, लग्नमुंजी कोणत्या रीतीने होतात, याविषयी पुरावा द्यावा लागे. आपण आज ज्या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहोत, तोच प्रश्न पणजोबांना न्यायालयाने शपथेवर विचारलेला असू शकतो!

इनामदार घराण्यांसाठी आणखी एक साधन आहे. मद्रास इलाख्यात 1858 साली इनाम कमिशन नेमले गेले. त्याच्या नोंदवह्यांत इनाम कोणी व कशासाठी दिले, मूळ इनामदार कोण, त्या वेळचे भोगवटादार कोण आणि त्यांचे मूळ पुरुषाशी नाते काय, अशी माहिती रकान्यांत भरलेली आहे. हे दप्तर एग्मोर येथील तमिळनाडू पुराभिलेखागारात आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना ते 'मद्रास रेकॉर्ड ऑफिस' या नावाने माहीत होते. तंजावरच्या राजदप्तराचे मोडी रुमाल सरस्वती महालात आणि तेथील तमिळ विद्यापीठात आहेत. सरस्वती महाल 1918 पासून सार्वजनिक आहे.

सर्वांत जवळचे दप्तर मात्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीतले. नोंदणीच्या 1908 च्या कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीचे दस्त पहिल्या पुस्तकात आणि मृत्युपत्रे व दत्तकाची अधिकारपत्रे तिसऱ्या पुस्तकात नोंदली जातात. पहिले पुस्तक व त्याची सूची फी भरून कोणासही पाहता येते. तिसऱ्या पुस्तकातील नोंदीची नक्कल, लिहून देणारा हयात असेपर्यंत इतरांस मिळत नाही. त्याच्या पश्चात अर्ज करणाऱ्या कोणासही मिळते. आपले तमिळ बांधव मिळकतीच्या मूळ दस्तास 'ताय पत्तिरम', म्हणजे आईपत्र, म्हणतात. हाती असलेल्या खतात त्याच्या आईपत्राचा क्रमांक व साल दिलेले असते. त्यावरून मागे जावे, त्या खतातून आणखी मागे जावे. चार-पाच पायऱ्यांत शंभर वर्षे उलगडतात.

वाचताना काही अडचणी येतील. जुन्या कागदांत इसवी सन बहुधा नसतो. शकात 78 मिळवावेत. फसली सनात 590. फसली 1272 आणि शके 1784 ही दोन्ही 1862–63 सालचीच, आणि तमिळ दस्तात तेच वर्ष नुसते 'दुंदुभि' म्हणून येईल. रक्कम होनांत असेल तर, मद्रासेत 1818 साली रुपयाचे चलन मुख्य झाले, त्या वेळी एका होनास साडेतीन रुपये हा भाव होता. जमीन 'वेली' आणि 'मा' या मापांत असेल. वीस मा म्हणजे एक वेली, साडेसहा एकरांहून थोडी अधिक. नावांचा घोटाळा याहून मोठा. या प्रांतात आडनावे गळून पडली आणि गावाचे व वडिलांचे आद्याक्षर उरले. माधवरावांच्या नावातील 'टी' म्हणजे तंजावर. विसरलेले आडनाव आणि गोत्र एखाद्या जुन्या दस्तात अचानक भेटते, तेव्हा होणारा आनंद अनुभवावाच लागतो.

मात्र दस्त म्हणजे वेदवाक्य नव्हे. मुद्रांक वाचविण्यासाठी किंमत कमी दाखविलेली असते. सावकारास चुकविण्यासाठी मिळकत मेहुण्याच्या नावे केलेली असते. एका कागदावर विसंबू नये. दुसरा त्याच्याशेजारी ठेवून पाहावा. आणि मन घट्ट करावे. विधवा भावजयीस "अन्नवस्त्र व राहावयास एक खोली" एवढ्यावर गप्प बसविलेले सापडेल. ज्या मुलाचे नाव घरात कोणी घेत नाही, त्याच्या नावे ठेवलेली रक्कम सापडेल. ज्या शेतावर आपण तीन पिढ्या जेवलो, ते कसणाऱ्या कुळाचे नाव फक्त चतुःसीमेत सापडेल. हे वाचून कागद पुन्हा बांधून ठेवावा असे वाटेल. आमचे सांगणे इतकेच, की तो बांधून ठेवू नये. त्या विधवेचे नाव जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरले असण्याचा संभव आहे. आपण ते वंशावळीत लिहिले नाही, तर ती खरोखरच नाहीशी झाली.

हे सारे आजच का सांगावयाचे? जुने घर विकले जाते, त्या जागी सदनिका उभ्या राहतात, आणि मालकीचा ताजा दस्त तेवढा जपून ठेवून माळ्यावरच्या पेटीतील बाकीचे कागद रद्दीत जातात. त्यांतील मोडी वाचणारे आजोबा गेलेले असतात. मुलांना तो कागद कशाचा हेही कळत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घराघरांतील दप्तरे उलगडून 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध केले. चेन्नईतील माळ्यांवर ते काम आपले आपणच केले पाहिजे.

म्हणून मंडळाकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्रत्येक सभासदाने या वर्षात घरातील कागदांची यादी करावी: तारीख, प्रकार, लिहून देणार, लिहून घेणार, साक्षीदार. दुसरी, त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत मंडळात ठेवावी. मूळ कागद ज्याचे त्याच्याकडेच राहोत. तिसरी, दर वर्षी सुट्टीत मोडी लिपीचा एक वर्ग चालवावा आणि त्यात तमिळ दस्त वाचू शकणाऱ्या शेजाऱ्यांनाही बोलवावे. कारण आपल्या घराण्यांचा निम्मा इतिहास त्यांच्या भाषेत आहे.

जी मंडळी कालपरवा येथे आली, त्यांनी हे काम जुन्या घराण्यांचे समजून स्वस्थ बसू नये. त्यांनी या शहरात घेतलेल्या पहिल्या घराचे खरेदीखत आज नवे आहे. उद्या त्यांच्या पणतवंडांस तेच आईपत्र होणार आहे. ते नीट लिहावे, त्यात मूळ गावाचे नाव घालावे, घरातील स्त्रियांची नावे पूर्ण लिहावीत, आणि ते जपून ठेवावे.