कपाटाची किल्ली

शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाच्या हाती द्यावी, याविषयी आज चार गोष्टी बोलायच्या आहेत. शिक्षक बंधुभगिनींमध्ये अधूनमधून एक प्रश्न निघतो. शाळेच्या ग्रंथपालाने आधी काही वर्षे वर्गात शिकविलेले असलेच पाहिजे, अशी अट घालावी काय?

महाराष्ट्रात शाळेचा ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोजला जातो. त्याच्याकडून ग्रंथपालनाचे शिक्षण मागतात, शिकविण्याचा अनुभव मागत नाहीत. ऑस्ट्रेलियात व अमेरिकेच्या अनेक राज्यांत तऱ्हा निराळी आहे. तेथे शाळेचा ग्रंथपाल बहुधा शिक्षकाची पात्रता मिळविलेला असतो. मग आपण मागे का राहावे, असे कोणी विचारील.

विचारणे रास्त आहे. आमची वसईच घ्या. आगाशी-अर्नाळ्याकडचे मूल घरी वाडवळी किंवा कोळी बोली बोलते, कुणाच्या घरी सामवेदी. पूर्वेला पारोळ-भाताण्याकडच्या पाड्यावर वारली. आणि नालासोपाऱ्याच्या चाळीत हिंदी, भोजपुरी, गुजराती. ही सारी मुले एकाच मराठी पुस्तकापुढे बसतात. कोणते मूल जोडाक्षरापाशी अडते आणि कोणते नुसते लाजते, हे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला चटकन कळते. नुसती दाखलवही लिहिणाऱ्याला ते कळेलच असे नाही.

पण आता माझीच गोष्ट ऐका. याच भागातल्या एका शाळेत मी बरीच वर्षे शिकवीत होतो, आणि ग्रंथालयाचा जादा भार माझ्याकडे होता. अनुभवाला तोटा नव्हता. एके दिवशी पाड्यावरची एक मुलगी गोष्टींचे पुस्तक घरी मागू लागली. मी म्हटले, "हरवलेस तर? पाने मळली तर? इथेच बसून वाच." तपासणीत एक पुस्तक कमी भरले तर जाब मला द्यावा लागेल, ही धास्ती! मुलगी गेली. वर्ष सरले, तिने पुन्हा पुस्तक मागितले नाही. दाखलवहीत माझी सारी पुस्तके जागच्या जागी होती. वाचक तेवढा एक कमी झाला होता. शिकविण्याचा माझा सारा अनुभव त्या वेळी कुठे गेला होता?

पुढे शेजारच्या शाळेत ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम केलेल्या एक बाई आल्या. वर्गात त्यांनी कधी शिकविले नव्हते. त्यांनी पहिल्या आठवड्यात कपाट उघडले. चूक त्यांचीही झाली. पाचवीच्या मुलांच्या हाती त्यांनी जाडजूड चरित्रे दिली आणि ती तशीच परत आली. मग त्या पंधरा दिवस मागच्या बाकावर बसून तास ऐकू लागल्या. पुढे त्यांची निवड सहसा चुकली नाही. मला जे वर्षानुवर्षे उमगले नाही, ते त्या पंधरा दिवसांत शिकल्या.

आपल्या देशातल्या ग्रंथपालांचे गुरू डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रथम त्यांना त्या कामात करमेना. परत शिकवायला जाऊ द्या, असे ते म्हणू लागले. मग ते इंग्लंडला गेले, तेथली ग्रंथालये पाहिली, ती विद्या शिकले आणि मनाने ग्रंथपाल होऊन परतले. अध्यापनाचा त्यांना उपयोग झालाच असेल. पण तेवढ्यावर भागले नाही, नवी विद्या शिकावीच लागली. पुस्तके कुलपात जपण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, या विचारापासूनच त्यांनी 1931 साली आपले प्रसिद्ध पाच नियम मांडले.

अटीत आणखी एक धोका आहे. ज्याला वर्ग नको झाला, किंवा ज्याचा तास उरला नाही, त्याला ग्रंथालयात बसविण्याची वाट तिने मोकळी होईल. शिवाय शिक्षकाची सवय जात नाही. मुलाने पुस्तक परत केले की, "सारांश सांग पाहू!" झाली परीक्षा सुरू. उद्या ते मूल फिरकत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. अनुभवाची अट नको, पण वर्गाची ओळख हवी. नव्या ग्रंथपालाने पहिल्या सहामाहीत दर आठवड्याला दोन तास वर्गात बसावे. वेळापत्रकात त्याला वाचनाचा तास मिळावा. शिक्षकांच्या सभेत त्याला खुर्ची असावी.

आणि लहान शाळांचे काय? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टींचीसुद्धा पुस्तके हवीत, असे म्हटले आहे. पण तीस मुलांच्या शाळेला ग्रंथपाल मिळणार कुठून? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयांची घडी बसविली, तेव्हा पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जात. तसा एक ग्रंथपाल केंद्रशाळेत नेमावा आणि त्याच्या पेट्या आसपासच्या शाळांतून फिराव्यात. तिथल्या गुरुजींना त्याने देवघेव शिकवावी. मुलांची पारख त्याने गुरुजींकडून शिकावी.

तोवर, गुरुजी, किल्ली तुमच्याच खिशात आहे. पुस्तक फाटले तर चिकटवता येते. वाचणे सोडून दिलेले मूल परत आणणे फार अवघड. उद्या मधल्या सुटीत तेवढे कपाट उघडा.