पिक एक, बोटं दोन

अमेरिकेतल्या कंट्री संगीतातली इलेक्ट्रिक गिटार ऐकताना एक प्रश्न हमखास पडतो : वाजवणारा एक आहे की दोघे? खाली खर्जाच्या तारेवर ठोका चालू असतो आणि वर दोन-तीन सूर लाह्यांसारखे तडतडतात. ही किमया उजव्या हाताची. तिला ‘हायब्रिड पिकिंग’ म्हणतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पिक, म्हणजे प्लास्टिकची छोटी पट्टी धरायची आणि मोकळ्या राहिलेल्या मधल्या बोटानं व अनामिकेनं वरच्या तारा छेडायच्या.

कंट्रीमध्ये बँजो आणि पेडल स्टील गिटार ही मानाची वाद्यं. बँजोवर तीन बोटांनी सुरांची अखंड साखळी गुंफतात. पेडल स्टीलवर पाय दाबला की एक सूर वर चढतो आणि बाकीचे जागच्या जागी राहतात. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना हे दोन्ही रंग आपल्या सहा तारांत हवे होते. १९५१पासून ‘टेलिकास्टर’ या नावानं मिळू लागलेल्या फेंडरच्या गिटारचा टणक, खणखणीत आवाज त्यासाठी सोयीचा ठरला. १९६९पासून एल्विस प्रेस्लीला साथ करणारे जेम्स बर्टन पिकच्या जोडीला मधल्या बोटावर नखी चढवत. तारा सहज ओढता याव्यात म्हणून त्यांनी गिटारला बँजोच्या पातळ तारा लावल्या होत्या. अल्बर्ट ली तर इंग्लंडचे. कंट्री त्यांच्या गावची नव्हे, तरी या वादनात त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. मला त्यांचा मोठा आधार वाटतो.

तसा हा घसरता सूर आपल्यालाही परका नाही. पेडल स्टीलची पूर्वज असलेली हवाईयन गिटार व्हॅन शिपले यांच्या फिल्मी धुनांमधून आपल्या कानांवर पडलेली आहेच.

आता रियाजाविषयी. मी मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावतो. चौथ्या तारेवर पिक, तिसरीवर मधलं बोट, दुसरीवर अनामिका. आठ सुरांचं आवर्तन ३-३-२ असं मोडायचं : पिक-मधलं-अनामिका, पुन्हा तेच, मग पिक-मधलं. आधी एका ठोक्याला एक सूर, मग दोन. पिकचा सूर ठसठशीत येतो, अनामिकेचा मात्र घरात नव्यानं आलेल्या पाहुण्यासारखा बिचकत. डोळे मिटून ऐकणाऱ्याला कोणता सूर कशानं वाजला हे ओळखू येऊ नये, तोवर वेग वाढवायचा नाही.

दुसरा पाठ मींडेचा. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्यावरचा ‘डी’ मधल्या बोटानं ओढून ‘ई’पर्यंत न्यायचा आणि त्याच वेळी वरच्या दोन तारांवर आठव्या पडद्यावरचे ‘जी’ आणि ‘सी’ स्थिर ठेवायचे. तिन्ही तारा उजव्या हातानं एकदम छेडल्या की सी मेजर कॉर्ड उमलतो. ओढ किंचित कमी पडली तरी सगळा कॉर्ड बेसूर होतो. इथे लबाडी चालत नाही.

घरातले विचारतात, पन्नाशी उलटल्यावर हा खटाटोप कशासाठी? मंचावर तर जायचं नाही! खरं आहे. पण जन्मभर या हातानं लिहिलं, पिशव्या उचलल्या, स्कूटर चालवली. त्यात अनामिकेला स्वतंत्र काम कधी मिळालंच नव्हतं. आता रोज अर्ध्या तासात ती थोडी थोडी बोलू लागली आहे. या वयातही शरीर नवी गोष्ट शिकतं, याचा पुरावा मला माझ्याच हातात मिळतो.

तुमच्याकडे माळ्यावर एखादी गिटार धूळ खात पडली असेल, तर ती उतरवा. तारा बदला, सुरात लावा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज अगदी लहान ठेवून दहा मिनिटं ६० ठोक्यांवर बसा. शेजाऱ्यांना कळणारसुद्धा नाही.