संगणकावरील मराठी पत्रव्यवहार : काही सोप्या सवयी



देवास जिल्ह्यातील लोहारद्याहून एखाद्या मराठी गृहस्थाने पुण्यास पत्र धाडावयाचे म्हटले, तर टपालाला काही दिवस लागतात. ई-मेलने तेच पत्र क्षणार्धात जाते. परंतु पत्र पोहोचणे निराळे आणि ते वाचता येणे निराळे. पत्र उघडावे आणि मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, कंस व चिन्हे यांची खिचडी दिसावी, हा अनुभव शाळांना, ग्रामपंचायतींना व कार्यालयांना नवा नाही. अर्जदार समजतो, आपला अर्ज दाखल झाला. तिकडे त्यातील एक ओळही कोणास लागत नाही. मुदत मात्र टळून जाते.

हा दोष यंत्राचा नसून टंकाचा, म्हणजेच फाँटचा असतो. जुन्या पद्धतीच्या टंकांत रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसविलेली असत. ज्याच्या संगणकावर तो टंक नाही, त्याला चित्रांऐवजी मूळची रोमन अक्षरेच दिसतात. युनिकोड पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग राखलेला आहे. मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही, हे ओळखणे अगदी सोपे आहे. त्यातील चार ओळी उचलून नोटपॅडमध्ये ठेवाव्यात. मराठी मराठीच राहिली, तर पत्र निर्धास्तपणे पाठवावे. जुना मजकूर रूपांतरित करण्याची साधनेही उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व इकार डोळ्यांखालून घालणे इष्ट, कारण चुका बहुधा तेथेच राहतात.

हा केवळ आजच्या पत्राचा प्रश्न नाही. मराठी राजवटींचा दप्तरी कारभार मोडीत चाले; आज ते रुमाल सोडले, तर वाचणारा शोधावा लागतो. मोडी निदान अभ्यासाने शिकता येते. ज्याचा टंकच हरवला, ते दप्तर उलगडणे त्याहून जिकिरीचे.

टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना नवा कळफलक प्रथम जड जातो, हे खरे. तथापि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाण मानलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना सुबोध आहे: स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे. 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबले की 'ख' उमटतो, 'ल'च्या कळीवर 'ळ'. रोज अर्धा तास बसणाऱ्यास ही कळ शोधावी लागत नाही. विंडोज असलेल्या संगणकावर दोन्ही कळफलक बसवून घेतले, की विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीतून मराठीत येता येते.

बाकीच्या गोष्टी लहान, पण वेळ वाचविणाऱ्या आहेत. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा दर परिच्छेदानंतर कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबून मजकूर जतन करावा. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना व दिवस घातल्यास फाइली आपोआप क्रमाने लागतात. 'अर्ज नवा', 'अर्ज नवा शेवटचा' अशी नावे पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. शासकीय पत्रात 'विषय' लिहिण्याची आपली जुनी रीत ई-मेललाही तंतोतंत लागू आहे. गावाचे नाव, योजना व वर्ष विषयात असले, तर पत्र शोधणाऱ्या लिपिकाचे काम एका मिनिटात होते. सोबतची कागदपत्रे आधी जोडावीत आणि पत्ता सर्वांत शेवटी घालावा, म्हणजे रिकामे पत्र चुकून सुटत नाही. एकच सूचना अनेक पालकांना पाठविताना शिक्षकांनी पत्ते बीसीसीच्या रकान्यात लिहावेत. एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

सेवा केंद्रातील संगणक अनेकांच्या हातांखालून जातो. तेथे काम आटोपल्यावर नुसती खिडकी बंद न करता खात्यातून बाहेर पडावे, आणि पाठविलेल्या पत्राची एक प्रत छापून घरच्या कागदपत्रांत ठेवावी.